सही खरी, किल्ली कुणाची?

१५ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातील सुरक्षा कर्मचाऱ्यांना खात्याच्या ई-मेल व्यवस्थेत काही संशयास्पद हालचाली आढळल्या. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ही बाब मायक्रोसॉफ्टच्या कानावर घातली. पुढील चौकशीत उघड झालेला प्रकार साधा नव्हता. चीनशी संबंध असल्याचा संशय असलेल्या एका गटाने जगभरातील २२ संस्थांच्या आणि पाचशेहून अधिक व्यक्तींच्या टपालपेट्या बिनदिक्कत उघडल्या होत्या. अमेरिकेच्या तत्कालीन वाणिज्यमंत्री जिना रायमोंडो, चीनमधील तत्कालीन राजदूत निकोलस बर्न्स आणि प्रतिनिधिगृहाचे सदस्य डॉन बेकन यांची पत्रे त्यात होती. एकट्या परराष्ट्र खात्यातून सुमारे साठ हजार ई-मेल बाहेर गेली.

या चोरीत कुणाचा परवलीचा शब्द ओळखण्याची गरज पडली नाही. चोरांनी प्रवेशाची बनावट टोकने तयार केली आणि त्यांवर मायक्रोसॉफ्टच्याच एका किल्लीने सही केली. ती किल्ली २०१६ साली तयार झालेली होती आणि ग्राहकांच्या खासगी खात्यांसाठी होती. सरकारी कार्यालयांच्या टपालाशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. तरीही टपाल सांभाळणाऱ्या सर्व्हरने टोकन तपासले, सही जुळल्याचा निर्वाळा दिला आणि दार उघडले. गणिताच्या दृष्टीने सर्व्हर चुकला नव्हता, कारण सही जुळतच होती. तो चुकला एक पायरी आधी. ही सही कोणत्या किल्लीने तपासायची आणि ती किल्ली कोणत्या कप्प्यातून काढायची, हे ठरविताना.

संगणकशास्त्रात सह्यांच्या गणिताविषयी भरपूर लिहिले गेले आहे. किल्ली शोधण्याच्या या पायरीकडे मात्र कारकुनी काम म्हणून पाहिले जाते. संकेतस्थळाचा वेग आणि त्याची सुरक्षितता या दोन्ही गोष्टी याच कारकुनीवर अवलंबून असतात, हे फारसे कुणी सांगत नाही.

टोकन म्हणजे काय?

एखाद्या संकेतस्थळावर ‘गूगलच्या खात्याने प्रवेश करा’ असे बटन आपण दाबतो, तेव्हा पडद्यामागे एक छोटा मजकूर तयार होतो. आलेली व्यक्ती कोण, हा मजकूर कुणी दिला, कुणासाठी दिला आणि तो किती वाजेपर्यंत ग्राह्य आहे, एवढीच माहिती त्यात असते. त्याखाली गूगलची सही असते. हेच टोकन. त्याचा सर्वाधिक प्रचलित नमुना जेडब्ल्यूटी या नावाने ओळखला जातो. इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स या संस्थेने त्याचे मानक मे २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. टोकनाचे तीन भाग असतात व ते पूर्णविरामाच्या टिंबांनी जोडलेले असतात. पहिला भाग मथळा, दुसरा मजकूर, तिसरा सही. हा मजकूर बहुधा गुप्त नसतो. बंद पाकिटापेक्षा त्याचे नाते पोस्टकार्डाशी अधिक आहे. कुणीही वाचावे, पण एका अक्षराचा जरी बदल केला तरी सही जुळायची नाही.

सही करण्याची किल्ली जारीकर्ता स्वतःजवळ गुप्त ठेवतो. सही तपासण्याची जोडकिल्ली तो जगजाहीर करतो. ही जाहीर किल्ली हाती असलेल्याला सही तपासता येते, परंतु करता येत नाही. एका जारीकर्त्याच्या अशा जाहीर किल्ल्या सहसा एकापेक्षा अधिक असतात व त्या सर्व एका ठरावीक पत्त्यावर एका यादीत मांडलेल्या असतात. या यादीला आपण किल्लीसंच म्हणू. संचातील प्रत्येक किल्लीला एक ओळखक्रमांक देण्याची सोय मानकात आहे. सही करताना तोच क्रमांक टोकनाच्या मथळ्यात लिहिला जातो, जेणेकरून तपासणाऱ्याला नेमकी किल्ली उचलता यावी.

बँकेत वावरलेल्यांना ही व्यवस्था परकी वाटणार नाही. संगणक येण्यापूर्वी शाखेत खातेदारांच्या नमुना सह्यांची कार्डे लाकडी खणांत लावून ठेवलेली असत. धनादेश आला की अधिकारी त्यावरील खाते क्रमांक पाहत, त्या क्रमांकाचे कार्ड काढत आणि दोन सह्या शेजारी धरून पाहत. सह्या जुळतात की नाही हे पाहायला क्षणभर पुरे, वेळ जाई तो कार्ड शोधण्यात. टोकनावरील किल्लीचा क्रमांक हा असाच धनादेशावरील खाते क्रमांक होय.

वेळ कुठे जातो

आजच्या साधारण सर्व्हरला आरएसए पद्धतीची २०४८ बिटांची सही तपासण्यास सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. याउलट मुंबईतील सर्व्हरने अमेरिकेतील पत्त्यावरून किल्लीसंच मागविला, तर नुसत्या जाण्यायेण्यात सेकंदाचा पाचवा भाग सरतो. म्हणजे प्रत्येक टोकनामागे संच नव्याने मागविणारी आज्ञावली सही तपासण्यापेक्षा किल्ली आणण्यावर हजारो पटींनी अधिक वेळ खर्च करते. शिवाय समोरचा सर्व्हर काही मिनिटे बंद पडला, तर इकडचा सारा कारभार ठप्प. नवख्या प्रोग्रामरांकडून हे घडते आणि चाचणीच्या वेळी लक्षातही येत नाही, कारण चाचणीच्या वेळी टोकन एकच असते.

यावरचा उपाय उघड आहे. संच एकदा आणावा, त्यातील किल्ल्या वापरण्यायोग्य रूपात मांडून स्मृतीत ठेवाव्यात आणि पुढची टोकने त्यावरच तपासावीत. यातील ‘वापरण्यायोग्य रूपात’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. संचातील किल्ली अक्षरांच्या लांबलचक माळेच्या रूपात येते व तिचे आकड्यांत रूपांतर करावे लागते. हे रूपांतर प्रत्येक वेळी करणे म्हणजे नमुना सहीचे कार्ड दर धनादेशाला नव्याने लिहून काढण्यासारखे आहे.

त्यानंतर प्रश्न येतो उचलण्याचा. काही आज्ञावल्या क्रमांकाकडे पाहतच नाहीत, संचातील एकेक किल्ली लावून पाहतात. संचात दोन-तीनच किल्ल्या असतील तर यात फारसे बिघडत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण शेकडो कंपन्यांना सेवा देणाऱ्या एखाद्या सर्व्हरजवळ शेकडो जारीकर्त्यांच्या किल्ल्या असतात. तेथे ही पद्धत महागात पडते. सर्वांत महाग पडते ते खोटे टोकन. खरे टोकन मधेच कुठेतरी जुळते व शोध थांबतो, खोटे मात्र सर्व किल्ल्या लावून झाल्याशिवाय नाकारताच येत नाही. कुणी मुद्दाम खोट्या टोकनांचा मारा केला, तर सर्व्हर आपल्याच तपासणीच्या ओझ्याखाली दबतो. क्रमांकानुसार मांडणी केली की किल्ल्या दहा असोत वा दहा हजार, हवी ती एका पावलात सापडते. शब्दकोशात शब्द पाहताना पहिल्या पानापासून कुणी वाचत बसत नाही, तसेच हे.

क्रमांकावर किती विसंबावे याचे एक उत्तम उदाहरण युरोपीय संघाच्या कोविड प्रमाणपत्रात मिळते. जुलै २०२१ ते जून २०२३ या काळात ते लागू होते. त्याच्या चौकोनी संकेतचित्रात जागा थोडी, म्हणून सहीच्या किल्लीचा क्रमांक अवघ्या आठ बाइटांचा ठेवलेला होता. सही करणाऱ्या संस्थेच्या प्रमाणपत्राचा ठसा काढून त्याचे पहिले आठ बाइट तेवढे घ्यायचे. विमानतळावरचा तपासनीस आधी उतरवून घेतलेल्या यादीत हा क्रमांक शोधी आणि इंटरनेटविना निर्णय देई. आठ बाइट म्हटले की दोन किल्ल्यांचा क्रमांक एकच येण्याची अतिशय अल्प का होईना, शक्यता राहते. म्हणून नियमातच लिहिले होते की त्या क्रमांकाच्या जितक्या किल्ल्या सापडतील तितक्या सर्व लावून पाहाव्यात. शोध अरुंद करण्यासाठी क्रमांकाचा उपयोग करायचा, शेवटचा शब्द मात्र सहीचा. ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते.

अनोळखी क्रमांक आला तर

स्मृतीतील संच कधी ना कधी शिळा होतो. सुरक्षिततेसाठी जारीकर्ते किल्ल्या अधूनमधून बदलतात आणि मग एखादे टोकन असा क्रमांक घेऊन येते जो आपल्या संचात नाही. ते खोटे असेल किंवा नव्या किल्लीने सही केलेले अगदी खरे असेल. आज्ञावलीने अशा वेळी संच पुन्हा एकदा मागवून पाहावा हे योग्यच, पण येथेच एक खोच आहे. टोकनावरील क्रमांक कुणीही, काहीही लिहू शकतो. दर सेकंदाला हजार बनावट क्रमांक पाठविणाऱ्याने आपल्याकडून जारीकर्त्याच्या दारात हजार खेपा करवून घेतल्या, तर दोघांचेही हाल. म्हणून चांगल्या आज्ञावल्या दोन खेपांमध्ये सक्तीची विश्रांती ठेवतात. एका प्रचलित आज्ञावलीत ती मुळात तीस सेकंदांची असते. त्या अवधीत आलेले सर्व अनोळखी क्रमांक सरळ नाकारले जातात. तसेच एकाच क्षणी शंभर विनंत्यांना नवा संच हवा असेल, तर एकानेच तो आणावा आणि बाकीच्यांनी त्याची वाट पाहावी, अशी व्यवस्था लागते. ती नसेल तर संचाची मुदत संपताच सगळे एकदम धावत सुटतात.

याहून गंभीर धोका वेगळाच आहे. टोकनाच्या मथळ्यात केवळ किल्लीचा क्रमांक नव्हे, तर किल्ली कुठून आणावी याचा पत्ता, किंबहुना खुद्द किल्लीही लिहिण्याची तरतूद मूळ मानकात आहे. तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणे म्हणजे धनादेशाला टाचून आणलेले नमुना सहीचे कार्ड स्वीकारण्यासारखे आहे. चोराने आणलेल्या कार्डावर चोराचीच सही जुळणार, यात नवल ते काय! हे केवळ कल्पनेतले भय नाही. सिस्को कंपनीच्या नोड-होजे या आज्ञावलीत नेमका हाच दोष २०१८ मध्ये जाहीर झाला आणि तिची सुधारित आवृत्ती काढावी लागली. तत्पूर्वी २०१५ मध्ये टिम मॅक्लीन या संशोधकाने दाखवून दिले होते, की अनेक आज्ञावल्या सही तपासण्याची पद्धतही टोकनालाच विचारतात. ‘सही नाही’ असे टोकनाने म्हटले तरी त्या ते मान्य करीत. फेब्रुवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत म्हणूनच स्पष्ट केले आहे की पद्धत कोणती चालेल हे तपासणाऱ्याने आधीच ठरवावे आणि किल्ली त्या जारीकर्त्याचीच आहे याची खात्री करावी.

एक किल्ली नाहीशी झाली तेव्हा

किल्ली बदलण्याची रीत कागदावर सोपी आहे. नवी किल्ली वापरात आणण्यापूर्वीच संचात मांडावी, सर्वांनी ती उतरवून घेण्यास अवधी द्यावा, मग तिने सही करू लागावे. जुनी किल्ली तिच्या सहीची शेवटची टोकने कालबाह्य होईपर्यंत संचात ठेवावी आणि त्यानंतर काढावी. या क्रमात गडबड झाली की काय होते याचा अनुभव १५ मार्च २०२१ रोजी साऱ्या जगाने घेतला. मायक्रोसॉफ्टच्या ओळख पडताळणी सेवेत, जिचे तेव्हाचे नाव अ‍ॅझ्युअर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी होते व २०२३ पासून जी एन्ट्रा म्हणून ओळखली जाते, वापरात नसलेल्या किल्ल्या काढून टाकणारी एक स्वयंचलित यंत्रणा होती. एका स्थलांतराच्या कामासाठी एक किल्ली नेहमीपेक्षा अधिक काळ लागणार होती, म्हणून तिच्यावर ‘राखून ठेवा’ अशी खूण केलेली होती. यंत्रणेतील दोषामुळे त्या खुणेकडे दुर्लक्ष झाले आणि किल्ली संचातून गेली.

भारतात तेव्हा १६ तारखेच्या मध्यरात्रीनंतरचे साडेबारा वाजले होते. जसजसे जगभरातील सर्व्हर नवा संच उतरवून घेऊ लागले, तसतशी त्या किल्लीने सही केलेली अगदी खरी टोकने नाकारली जाऊ लागली. टीम्स, ऑफिस, अ‍ॅझ्युअर अशा अनेक सेवांत लोकांना प्रवेश मिळेना. दोन तासांनी अभियंत्यांनी जुना संच पूर्ववत केला, परंतु सेवा लगेच सुरळीत झाल्या नाहीत. प्रत्येक सर्व्हर संच किती काळ स्मृतीत ठेवतो हे ज्याच्या त्याच्या आज्ञावलीवर अवलंबून होते. ज्यांनी चुकीचा संच उतरवून घेतला होता, ते तोच बरोबर मानून बसले. उरलेसुरले निस्तरण्याचे काम भारतीय वेळेनुसार १६ तारखेच्या दुपारपर्यंत चालले होते. संच दीर्घकाळ जपून ठेवला तर वेग मिळतो, पण चूक झाल्यास तीही दीर्घकाळ जपली जाते. यावर सर्वांना लागू पडेल असा एक आकडा नाही. गूगलसारखे जारीकर्ते संचासोबतच तो किती वेळ ग्राह्य धरावा हे कळवितात, ते पाळावे हेच बरे.

दोन खण, एक कपाट

आता पुन्हा २०२३ च्या चोरीकडे वळू. मायक्रोसॉफ्टजवळ दोन प्रकारची खाती आहेत. एक सर्वसामान्य ग्राहकांची आणि दुसरी कार्यालयांची. दोहोंच्या सह्यांच्या किल्ल्या वेगळ्या. सप्टेंबर २०१८ मध्ये कंपनीने दोन्ही प्रकारच्या जाहीर किल्ल्या एकाच सामाईक पत्त्यावर उपलब्ध करून दिल्या. दोन्ही प्रकारची खाती हाताळणाऱ्या प्रोग्रामरांची सोय व्हावी हा हेतू होता. नमुना सह्यांच्या भाषेत बोलायचे तर दोन बँकांची कार्डे एकाच कपाटात आली. कोणत्या कामाला कोणत्या किल्ल्या चालतील हे माहितीपत्रकात लिहिले गेले, पण सही तपासणाऱ्या तयार आज्ञावलीत ती तपासणी आपोआप होत नव्हती. २०२२ मध्ये टपाल व्यवस्थेच्या प्रोग्रामरांनी या सामाईक पत्त्याचा अवलंब केला. तयार आज्ञावली सर्व काही तपासते, असे त्यांनी गृहीत धरले. परिणामी कार्यालयाच्या टपालासाठी ग्राहक किल्लीने सही केलेले टोकन आले, तेव्हा सर्व्हरने क्रमांक पाहिला, सामाईक कपाटात किल्ली सापडली, सही जुळली आणि तपास तेथेच संपला.

किल्लीचा क्रमांक एका जारीकर्त्याच्या संचापुरताच अर्थपूर्ण असतो, हे येथे नजरेआड झाले. आपल्या बँकेतील ४१७ क्रमांकाचे खाते आणि शेजारच्या बँकेतील ४१७ क्रमांकाचे खाते यांत काहीच साम्य नसते. टोकन आले की प्रथम ते कोणत्या जारीकर्त्याचे म्हणवते हे पाहावे, तो आपल्या मान्य यादीत आहे का हे पाहावे आणि मग केवळ त्याच्याच खणात क्रमांक शोधावा. दुसऱ्या खणाकडे बघायचेही नाही. असे केल्याने वेग कमी होतो असे कुणाला वाटेल, पण तसे होत नाही. एका पावलाची दोन पावले होतात इतकेच. उलट ज्याचा जारीकर्ताच अनोळखी, ते टोकन सहीपर्यंत न जाताच परत पाठविता येते.

आणखी एक प्रश्न उरतो. २०१६ ची किल्ली २०२३ मध्ये ग्राह्य कशी धरली गेली? २०१५ च्या मूळ मानकात टोकनाला मुदत लिहिण्याची जागा आहे, किल्लीला मात्र तसा रकानाच ठेवलेला नाही. किल्ली संचात आहे तोवर ती जिवंत. अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा आढावा मंडळाचा अहवाल एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाला. त्यानुसार ही किल्ली मार्च २०२१ मध्येच निवृत्त व्हायची होती, पण ते लांबणीवर पडले. ग्राहक खात्यांच्या किल्ल्या तेव्हा कर्मचारी हाताने बदलत. त्या कामातून एकदा मोठा बिघाड ओढवल्यानंतर २०२१ मध्ये किल्ल्या बदलणेच थांबविण्यात आले. बंद पडण्याच्या भयाने उघडे राहणे पत्करले गेले, असे याचे वर्णन करावे लागेल. चोरी टाळता येण्याजोगी होती, असा स्पष्ट निष्कर्ष मंडळाने काढला.

जून २०२३ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने ती किल्ली बाद केली आणि जारीकर्त्याची तपासणी आपल्या आज्ञावल्यांत आणली. मात्र सही करणारी गुप्त किल्ली मुळात चोरांच्या हाती पडली कशी, याचे उत्तर मिळालेले नाही. एप्रिल २०२१ मध्ये बंद पडलेल्या एका यंत्राच्या स्मृतीची नक्कल घेतली गेली व तीतून ती बाहेर गेली असावी, असे कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये म्हटले होते. मार्च २०२४ मध्ये कंपनीने आपले हे निवेदन दुरुस्त केले. किल्ली असलेली अशी नक्कल आपल्याला सापडलेली नाही, असे तिने त्यात कबूल केले.